होल्गाच्या भिंगामागे इन्स्टॅक्स मिनी : प्रकल्प नोंदी, नाशिक

४ जानेवारी २०२५ : बेत आणि सामान

होल्गा १२० एन या साध्या फिल्म कॅमेऱ्याच्या प्लास्टिकच्या भिंगातून थेट इन्स्टॅक्स मिनी या झटपट चित्र देणाऱ्या कॅमेऱ्याच्या शीटवर चित्र उतरवायचे आहे. डायाना एफ प्लस या तशाच प्लास्टिकच्या कॅमेऱ्यासाठी अशी तयार बॅक (मागे लावायची पेटी) निघालेली आहे, पण मोटर आणि रूळ असलेली कोणतीही बॅक लावली की फिल्म मूळ जागेपासून मागे सरकते. मग फोकस जुळवायला भिंगामागे आणखी एक काच घालावी लागते. होल्गाची मजा त्याच्या एकुलत्या एका भिंगात आहे. त्यात भर घातली तर हा खटाटोप कशासाठी? म्हणून मार्ग वेगळा ठरवला. अंधाऱ्या पिशवीत एक शीट होल्गामध्ये नेहमीच्या १२० या रुंद रीळ फिल्मच्याच जागी ठेवायची, चित्र घ्यायचे, शीट पुन्हा पिशवीत काढून मिनीच्या रिकाम्या कार्ट्रिजमध्ये घालायची आणि मिनीच्या रुळांतून बाहेर काढायची. मिनी इथे कॅमेरा नाही, शीटच्या कडेच्या पुडीतले रसायन रुळांनी दाबून पसरवणारे यंत्र आहे.

माप जुळते का, हे आधी पाहिले. मिनीची शीट ८६ × ५४ मिमी, चित्राचा भाग ६२ × ४६ मिमी. होल्गाचे चौरस चित्र साधारण ५६ × ५६ मिमी, भिंगाचे नाभीय अंतर ६० मिमी. आपल्याकडच्या मिनी ९ या मॉडेलचे भिंगही ६० मिमीचेच, त्यामुळे दृश्याचा आवाका ओळखीचा राहतो. रुंदीचे ४६ मिमी पूर्ण वापरात येतील, लांबीच्या ६२ पैकी ५६ मिळतील. दोन्ही टोकांना सुमारे ३ मिमीची काळी पट्टी राहील, कारण या फिल्मवर जिथे उजेड पडत नाही तिथे काळे येते. ही पट्टी मान्य आहे.

सामान : होल्गा १२० एन, चालू स्थितीतला मिनी ९, मिनीचे १० शीटचे एक पाकीट, एक रिकामे कार्ट्रिज, दोन चेन असलेली चेंजिंग बॅग, १ मिमी काळा माउंटबोर्ड, ३ मिमी काळा फोम, काळी इन्सुलेशन टेप, पाव मीटर काळी मखमल. मखमल मेन रोडवर मिळते. आखूड केसांचीच घ्यावी, लांब केसांची मखमल कापताना कडा झडते आणि ते धागे चित्रात येतात.

पाकिटातून निघणारे काळे झाकण टाकू नये. ते शीटच्याच मापाचे असते, सगळा सराव त्यावर करता येतो.

५ जानेवारी : उजेडाची गळती

हाँगकाँगमध्ये १९८२ साली निघालेल्या या कॅमेऱ्याचे नाव कँटनीजमधल्या ‘हो ग्वाँग’ या शब्दांवरून आले, अर्थ ‘लख्ख उजेड’. आपली पुढची सगळी लढाई त्या उजेडाशीच आहे.

१२० फिल्मच्या पाठीला कागद असतो, तो मागच्या लाल खिडकीचा उजेड बराच थोपवतो. इथे कागद नाही आणि शीट आयएसओ ८०० ची, म्हणजे उजेडाला फार संवेदनशील. म्हणून खिडकी आतून टेपचे दोन थर लावून कायमची बंद केली. बाहेरून एकच थर लावला तर उन्हात डिंक मऊ होऊन टेप सरकते.

मग खोली अंधारी करून पेटता छोटा टॉर्च बॉडीत ठेवला, मागचे झाकण लावले आणि बाहेरून पाहिले. उजेड तीन ठिकाणी दिसला : झाकणाच्या दोन्ही उभ्या खाचांत, आणि भिंगाच्या वरच्या बाजूला, जिथून फ्लॅशच्या तारा जातात तिथे. खाचांत मखमलीच्या ३ मिमी पट्ट्या चिकटवल्या, तारांच्या भोकांवर टेप. पट्टीला डिंक अगदी पातळ लावावा. जाड थर मखमलीतून वर आला की कडक होतो आणि झाकण नीट बसत नाही.

झाकण धरणाऱ्या पत्र्याच्या क्लिपा हा होल्गाचा जुना दुबळेपणा. त्या आपोआप वर सरकतात आणि कॅमेरा हातात उघडतो. दोन्ही बाजूंनी टेप ओढून घेणे हा एकच भरवशाचा उपाय.

बॉडीच्या आतले प्लास्टिक चकचकीत आहे. उन्हात भिंगातून तिरका आलेला उजेड त्यावरून उसळतो आणि काळे भाग राखाडी होतात. भिंगापासून फिल्मपर्यंतच्या शंकूच्या चारही भिंतींना मॅट काळा रंग दिला, पातळ दोन हात, मध्ये चार तास वाळवणे. भिंगावर आणि शटरच्या पात्यावर आधी टेप.

७ जानेवारी : शटर आणि छिद्र मोजले

होल्गावरच्या ऊन आणि ढग या चिन्हांवर विसंबू नये. जुन्या कॅमेऱ्यांत हा खटका हलवून काहीच बदलत नाही, कारण खटक्याचे छिद्र त्यामागच्या कायमच्या छिद्रापेक्षा मोठे असते. आमच्या हातातला नग तसाच आहे.

छिद्र असे मोजले : शटर ‘बी’ वर उघडे धरून, समोरून हातभर अंतरावरून भिंगात दिसणारा उजळ गोल पट्टीवर मोजला. साधारण ४.५ मिमी. नाभीय अंतर ६० ला ४.५ ने भागले की १३.३, म्हणजे एफ १३ (हा आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान).

शटरसाठी ३.५ मिमी ऑडिओ प्लगला बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (उजेडाची वीज करणारा सुटा भाग) जोडून तो लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावला. डायोड फिल्मच्या जागी, भिंग उन्हाकडे. आवाज नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शटर उघडताना एक सुळका आणि मिटताना उलट दिशेने दुसरा सुळका येतो, त्यांतले अंतर हाच शटरचा वेळ. ट्यूबलाइटखाली हे मोजमाप करू नये. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो आणि त्याची लाट शटरच्या सुळक्यांत मिसळते. ऊन सर्वांत चांगले.

२० वेळा दाबून सरासरी ९ मिलिसेकंद, म्हणजे सुमारे १/११० सेकंद. सर्वांत कमी ८, सर्वांत जास्त ११. पहिल्या दाबाला स्प्रिंग थोडी आळसावलेली असते, म्हणून शीट भरण्याआधी चार-पाच वेळा शटर रिकामे दाबून घ्यायचे.

आता हिशेब. लख्ख उन्हात एफ १६ ला शटरचा वेळ म्हणजे आयएसओचा व्यस्त आकडा, हा जुना नियम. आयएसओ ८०० ला एफ १६ वर १/८०० हवे. आपल्याकडे १/११०, म्हणजे २.९ स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). छिद्रही एफ १६ पेक्षा मोठे, त्याचा आणखी अर्धा स्टॉप. एकूण ३.४ स्टॉप जास्त उजेड. निगेटिव्ह फिल्म हे पोटात घालते, इन्स्टॅक्स घालत नाही. तिची सहनशक्ती स्लाइड फिल्मइतकी तुटपुंजी आहे, चित्र पांढरे फटक येईल.

हाच आकडा सावलीत धरला तर वेगळेच दिसते. उन्हाच्या दिवशी मोकळ्या सावलीत उजेड उन्हापेक्षा साधारण तीन स्टॉप कमी. म्हणजे सावलीत काहीही न लावता एक्सपोजर जवळपास बरोबर बसते.

९ जानेवारी : उजेड कशाने कमी करायचा

दोन रस्ते होते. पहिला, भिंगामागे १.३ मिमी छिद्राचे काळे कार्ड लावून एफ ४५ करणे. हिशेबात बसते, खर्चही शून्य. पण छिद्र लहान केले की कडांचा मऊपणा आणि कोपऱ्यांचा काळोख दोन्ही कमी होतात, आणि होल्गाचे चित्र साध्या पिनहोलसारखे सपाट दिसते. हा रस्ता सोडला. भिंग जसे आहे तसेच राहिले पाहिजे, उजेड त्याच्या पुढेच अडवायचा.

दुसरा रस्ता एनडी, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारा फिल्टर. काय लावू नये ते आधी : वेल्डिंगची काच हिरवी झाक देते, धुतलेल्या एक्स-रे फिल्मचा पायाच निळसर असतो. रंगीत चित्रात दोन्ही लपत नाहीत, आणि इन्स्टॅक्सवर नंतर रंग दुरुस्त करायची सोय नाही.

योग्य वस्तू म्हणजे नाटकाच्या लाइटवाल्यांकडचे एनडी जिलेटिन, दिव्यापुढे लावायचा पातळ पारदर्शक कागद. ली कंपनीचे २०९ म्हणजे ०.३, एक स्टॉप. २११ म्हणजे ०.९, तीन स्टॉप. ५ सेंमीचा तुकडा पुरतो, तेवढे कापटे सहज मिळते. मात्र दिव्यापुढे वापरलेले जिलेटिन उष्णतेने फिके पडलेले असू शकते. फोनच्या लक्स मीटरवर तपासावे : २११ ठेवल्यावर आकडा मूळच्या आठव्या हिश्शावर यायला हवा. पहिला तुकडा पाचव्या हिश्शावर थांबला. तो बाद करून कोरा घेतला.

होल्गाच्या भिंगाला फिल्टरचे आटे नाहीत. माउंटबोर्डची १२ मिमी रुंद पट्टी भिंगाच्या नळीभोवती गुंडाळून घट्ट कडे केले आणि तोंडावर जिलेटिन ताणून चिकटवले. अशी दोन कडी : एक ०.९ चे, दुसरे ०.९ आणि ०.३ मिळून चार स्टॉपचे. कडे नळीवरून बसावे, तिच्यापुढे फार येऊ नये, नाहीतर कोपरे त्याच्या सावलीत जातात.

११ जानेवारी : शीट धरणारी पाठ

शीटवर चित्राचा भाग मध्यावर नसतो. रसायनाची पुडी असलेली रुंद पट्टी सुमारे १७ मिमी, समोरची अरुंद सुमारे ७ मिमी. चित्राचा मध्य होल्गाच्या चौकटीच्या मध्यावर आणायचा तर पुडीकडचे टोक मध्यापासून ४८ मिमी आणि दुसरे ३८ मिमी येते. दोन्ही रिळे काढली की तेवढी जागा मिळते.

६१ × ९० मिमीच्या माउंटबोर्डवर शीटच्या चार कोपऱ्यांसाठी चार छोटे काटकोनी तुकडे चिकटवले. शीट त्यांच्यात बसते, अंधारात बोटांना कोपरे लागतात. बोर्डवर, चित्राच्या भागाच्या मधोमध येईल असा फोमचा ६० × ४४ मिमी तुकडा, म्हणजे झाकण लावल्यावर शीट होल्गाच्या सहा बाय सहा सेंमीच्या चौकटीवर (मास्क) हलकेच दाबली जाते.

फोम पुडीच्या मागे येता कामा नये. पुडीवर दाब पडला की ती होल्गामध्येच फुटते. शीट वाया जाते ते सोडाच, आतली लुकण तीव्र अल्कली आहे. हाताला लागली तर लगेच भरपूर पाण्याने धुवावी, डोळ्यांपासून लांब ठेवावी.

फोकसबाबत शंका होती, कारण फिल्मचा संवेदनशील थर प्लास्टिकच्या पातळ पडद्यामागे असतो. एफ १३ ला अंदाजे एक मिलिमीटर पुढेमागे चालते, पडदा त्याच्या कितीतरी पट पातळ. चिंता नाही.

पिशवीतला क्रम, आधी डोळ्यांसमोर काळ्या झाकणावर दहा वेळा, मग डोळे मिटून :

कार्ट्रिजच्या खालच्या खाचेतून वरची शीट अंगठ्याने हळू ढकला, फटीतून बाहेर येईल. रुळातून जात नसल्याने पुडी शाबूत राहते. कार्ट्रिजच्या खिडकीकडची बाजू म्हणजेच भिंगाकडची बाजू, ती बोटांतून सुटू देऊ नका. शीट चार कोपऱ्यांत बसवा, पुडी नेहमी एकाच, आधी खूण केलेल्या बाजूला. झाकण लावा, टेप ओढा. उरलेले कार्ट्रिज काळ्या पिशवीत आणि ती पिशवी डब्यात, मगच चेन उघडा.

उभे चित्र हवे असेल तर कॅमेरा आडवा करताना पुडीची बाजू वर ठेवावी. भिंग चित्र उलटे पाडते, त्यामुळे रुंद पांढरी पट्टी तयार चित्रात खाली येते.

१२ जानेवारी : पहिल्या तीन शीट

शीट १ : पूर्ण काळी. शीट उलटी बसली होती. इन्स्टॅक्सवर उजेड मागून पडतो आणि चित्र पुढून दिसते, म्हणूनच पोलरॉइडसारखा आरसा लागत नाही. पुढच्या बाजूला आत अपारदर्शक थर असतो, तिकडून टाकलेला उजेड फिल्मपर्यंत पोचतच नाही.

शीट २ : मिनीने उचललीच नाही. कार्ट्रिजमध्ये शीट तळापर्यंत गेली नव्हती, ढकलणारा आकडा तिच्या कडेला लागला नाही. फटीतून परत घालताना अरुंद पट्टी आधी आत जाते, पुडी फटीकडे राहते. शेवटी बोटाने कडा दाबून शीट फटीपासून थोडी आत गेल्याची खात्री करायची. पिशवीत पुन्हा बसवली तेव्हा सरळ बाहेर आली.

शीट ३ : चित्र आले, पण झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक निळसर रेघांसह. स्थिर विजेच्या ठिणग्या. जानेवारीत इथली हवा कोरडी असते, शीट झटक्यात ओढली की ठिणगी पडते. शीट सावकाश सरकवायची, नायलॉनचा स्वेटर घालून पिशवीत हात घालायचे नाहीत. त्यानंतर एकदाही दिसल्या नाहीत.

मिनीबद्दल : कार्ट्रिज घालून पाठ बंद केली की मोजणी ‘एस’ वर येते आणि पहिल्या दाबाला तो काळे झाकण समजून शीट बाहेर टाकतो. आपल्याला तेच हवे. तरी भिंगावर टेपचे दोन थर असलेच पाहिजेत, फ्लॅशवरही. मिनी ९ मध्ये फ्लॅश बंद करायची सोय नाही. तो बंद करायला बॉडी उघडण्याचा मोह टाळावा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या घरात दाब असतो आणि सेल काढल्यावरही टिकतो. कोणी उघडलाच तर १० किलोओहम, ५ वॅटचा रोध उष्णतारोधक पकडीने कपॅसिटरच्या दोन पायांवर दहा सेकंद धरून तो रिकामा करावा आणि मल्टिमीटरने पाहावे. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नये.

१४ जानेवारी : संक्रांत, उन्हातली चाचणी

पंचवटीतली गच्ची, दुपारी १२ ते १, आकाश स्वच्छ. पतंगांचे रंग चाचणीला उत्तम : लाल, पिवळा, जांभळा एकाच चौकटीत, मागे निळे आकाश. फोकस डोंगराच्या चिन्हावर.

०.९ च्या कड्याने आकाश फिकट, पिवळा पतंग पांढऱ्याकडे झुकलेला. चार स्टॉपच्या कड्याने आकाश निळे, तिन्ही रंग वेगळे, सावल्या जड. हिशेबाप्रमाणे हे ०.६ स्टॉप कमी आहे, पण या फिल्मवर उजळ भाग एकदा गेला की गेला. उन्हासाठी चार स्टॉपचे कडे नक्की केले.

कोपऱ्यांचा काळोख निगेटिव्हवर येतो त्यापेक्षा बराच गडद आहे. भिंग तेच, फिल्मची सहनशक्ती कमी. विषय मध्यावर ठेवायचा.

एका शीटवर दोन पतंग एकमेकांवर आले. होल्गाचे शटर फिल्म पुढे सरकवण्याशी जोडलेले नाही, कितीही वेळा दाबले जाते. हे मुद्दाम करायचे असेल तर प्रत्येक वेळी एक स्टॉप जास्त अडवावा. नको असेल तर चित्र घेतल्याबरोबर भिंगाचे झाकण लावावे.

१८ जानेवारी : काळा दगड

काळाराम मंदिराबाहेरून, सकाळी साडेनऊ. काळा दगड आणि मागे उजळ आकाश, ही या फिल्मची खरी परीक्षा. चार स्टॉपवर दगड नुसता काळा डाग. ०.९ वर कोरीव कडा दिसल्या, आकाश पांढरे झाले. दोन्ही एका शीटवर मिळणार नाही. पुढच्या शीटवर कॅमेरा खाली झुकवून आकाश चौकटीतून जवळजवळ काढून टाकले आणि ०.९ वापरले. या दिवसाची सर्वांत चांगली शीट तीच.

दोन शीटवर सारख्या अंतरावर फिकट ठिपके आले. अंतर सारखे असेल तर दोष रुळावर असतो, रूळ प्रत्येक फेरीला तोच डाग उठवतो. वाळलेली लुकण किंचित ओल्या मऊ कापडाने पुसली, रूळ कोरडे होऊ दिले, ठिपके गेले. एका शीटचा कोपरा त्रिकोणी आकारात कोरा राहिला. ती शीट कार्ट्रिजमध्ये घालताना पुडीच्या टोकाला दुमडली होती, तिथे रसायन पोचलेच नाही.

सकाळी थंडी चांगलीच होती. इन्स्टॅक्सला ५ ते ४० अंश चालते, पण गारठ्यात चित्र उमलायला वेळ लागतो आणि रंग मलूल येतात. बाहेर आलेली शीट खिशात, अंगाच्या उबेत ठेवली. हलवायची नाही, वाकवायची नाही. मिनीत ताजे अल्कलाइन सेल हवेत. सेल मंद झाले तर रूळ मध्येच अडखळतो आणि चित्रात आडवी रेघ उमटते.

२५ जानेवारी : पांडवलेणी

इथे येण्याचे कारण उजेड. लेण्यांचे तोंड डोंगराच्या उत्तर अंगाला, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे, त्यामुळे दर्शनी भागावर दिवसभर मोकळी सावली. ७ जानेवारीचा हिशेब इथेच तपासता येतो. संरक्षित स्मारकात परवानगीशिवाय तिवई चालत नाही, म्हणून ‘बी’ चा विचारच नको, सगळे हातात धरून.

लेणे क्र. ३ चा दर्शनी भाग, ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले यक्ष. एनडीचे कडे काढले, फोकस तीन माणसांच्या चिन्हावर, अंतर सुमारे दोन मीटर पावलांनी मोजले. एक्सपोजर अचूक. दगडाला निळसर झाक आली, ती सावलीतल्या आकाशाची, फिल्म दुपारच्या उन्हासाठी जुळवलेली असते. फिकट अंबर जिलेटिन लावले की ती जाते, मात्र अर्धा स्टॉपही जातो. इथे तेवढी सवलत आहे.

ओसरीच्या आत घेतलेली शीट अपेक्षेप्रमाणे अंधारी. तिथे बाहेरच्या सावलीपेक्षा दोन-तीन स्टॉप उजेड कमी असतो आणि ९ मिलिसेकंदांत ते भरून निघत नाही.

एक अडचण राहिली. शीट बदलायला प्रत्येक वेळी पिशवी मांडावी लागते, पायथ्याशी खाली येऊन हे करायचे म्हणजे अर्धा तास. मिनी आणि रिकामे कार्ट्रिज घरी ठेवून, चित्र घेतलेली शीट नुसती काळ्या पाकिटात साठवता येते, घरी एकेक रुळातून काढली तरी चालते. दोन शीट अशा सहा तास ठेवल्या, फरक दिसला नाही. पाकिटे चार हवीत, प्रत्येकात पुडीवर दाब येऊ नये म्हणून माउंटबोर्डची चौकट. ती कापायला घेतली आहे : बाहेरून ९० × ५८ मिमी, आतून ८७ × ५५ मिमी, जाडी दोन थरांची.